बेटावरची हजेरी

पी. डी. जेम्स यांच्या ‘द लाइटहाउस’ या कादंबरीतले कूम नावाचे बेट कोणत्याही नकाशात सापडत नाही, आणि ते सापडेल अशी आशाही बाईंनी वाचकाला कधी लावलेली नाही. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यासमोर त्यांनी ते आपल्या कल्पनेने समुद्रात रोवले, त्याच्यावर एका खानदानी घराण्याची कित्येक पिढ्यांची मालकी बसवली, त्या मालकीचे पुढे विश्वस्त निधीत रूपांतर करून टाकले, आणि सत्तेच्या वा कीर्तीच्या ओझ्याने शिणलेल्या मोठ्या माणसांनी अंगरक्षकांवाचून येऊन तिथे निवांत राहावे, अशी चोख व्यवस्थाही लावून दिली. अशा या सुरक्षित जागी, धुक्याच्या एका सकाळी, नेथन ऑलिव्हर हा विख्यात कादंबरीकार जुन्या दीपगृहाच्या कठड्यावरून फासाला लटकलेला आढळतो. आणि मग लंडनहून हेलिकॉप्टरने कमांडर अ‍ॅडम डॅलग्लीश, त्यांची सहकारी केट मिस्किन आणि सार्जंट बेंटन-स्मिथ असे तिघे चौकशीसाठी येऊन उतरतात. यांतल्या बेंटन-स्मिथची आई भारतीय आहे, ही गोष्ट बाईंनी फारसा गाजावाजा न करता सांगून टाकली असली, तरी माझ्यासारख्या वाचकाचे त्याच्याकडे घरच्या मुलासारखे अधिक लक्ष राहते हे कबूल केले पाहिजे.

२००५ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा बाई पंच्याऐंशीच्या घरात होत्या. त्या वयात पुष्कळ लेखक आठवणी लिहितात. बाईंनी एक बेट वसवले, त्याच्यावरची घरे बांधली, त्या घरांत माणसे नेऊन ठेवली, आणि कोण कोणत्या घरात, कोणत्या वेळी, कोणाच्या दृष्टीच्या टप्प्यात होता याचा तपशीलवार हिशेब मांडला. रहस्यकथेचे व्यसन मला लहानपणी बाबुराव अर्नाळकरांनी लावले. त्यांच्या झुंजार आणि धनंजय या नायकांच्या मुंबईत माणूस गर्दीत शिरला की नाहीसा होई, आणि त्याला हुडकून काढण्यातच सगळी गंमत असे. इंग्रज लेखकांनी याच्या उलट वाट धरली. त्यांनी माणसे मोजकी ठेवली, दारे बंद केली आणि संशय वाटून दिला. १९३९ साली अगाथा ख्रिस्तीबाईंनी दहा माणसांना एका बेटावर नेऊन सोडले तेव्हापासून या वाटेवर एवढी वर्दळ झाली आहे, की बेट दिसले की वाचक आपण होऊनच प्रेताची वाट पाहू लागतो. बेटाची निवड लेखक एकांतासाठी करतात असा सर्वसाधारण समज आहे. माझे मत असे की, एकांत हा वाचकापुढे करायचा मोहरा आहे; लेखकाला खरोखर हवी असते ती हजेरी. बेटावर कोण आले, कोण गेले आणि कोण उरले याची नोंद जिथे पक्की, तिथेच खुन्याला लपण्याजोगी जागा शिल्लक राहत नाही, आणि त्याला सर्वांच्या डोळ्यांदेखत, सर्वांच्या पंक्तीत बसून, लपावे लागते.

हे मत एकदा पडताळून पाहावे म्हणून, कूम नाही तर त्याच्या जातकुळीचे दुसरे कोणते तरी बेट पाहू, अशा हिशेबाने मी नकाशावर शोध घेतला, आणि कॉर्नवॉलला लागूनच असलेल्या डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर, ब्रिस्टलच्या खाडीच्या मुखाशी उभे असलेले लंडी बेट मुक्रर केले. जेमतेम पाच किलोमीटर लांब आणि एक-सव्वा किलोमीटर रुंद अशी ही ग्रॅनाइटची पट्टी आहे. तिच्यावर एक जुने दीपगृह आहे, एक किल्ला आहे, एक देऊळवजा चर्च आहे, एक गुत्ता आहे आणि कायम वस्तीला अवघी पंचवीस-तीस माणसे आहेत. १९६९ साली जॅक हेवर्ड नावाच्या दानशूर गृहस्थाने दीड लाख पौंड देऊ केले, त्या पैशातून हे बेट नॅशनल ट्रस्टच्या मालकीचे झाले आणि त्याचा कारभार लँडमार्क ट्रस्टकडे सोपवण्यात आला. खाजगी मालकाकडून विश्वस्तांकडे गेलेले बेट, आणि तेही दीपगृहासह! कूमशी याहून जवळचे नाते मला शोधूनही सापडले नसते.

ब्रिस्टलला माझी भाची राहते. तिने मला आपल्या मोटारीने बिडफर्डच्या धक्क्यावर आणून सोडले आणि सोडताना एकच प्रश्न दोनदा विचारला, “मामा, तुम्हाला बोट लागते ना?” मुंबईहून निघताना तिच्या आईने माझ्या पिशवीत आलेपाकाच्या वड्या घातल्या होत्या; त्या दाखवल्यावर तिचे समाधान झाले. बेटावर जाणाऱ्या जहाजाचे नाव ‘ओल्डेनबर्ग’. १९५८ साली जर्मनीत बांधलेले हे जहाज आधी तिकडच्या बेटांवर माणसांची ने-आण करत होते. आता म्हातारपणी त्याला इंग्रज बेटाची चाकरी मिळाली आहे. या खाडीच्या भरती-ओहोटीतले अंतर जगातल्या सर्वांत मोठ्या अंतरांपैकी एक असल्यामुळे जहाज केव्हा आणि कोणत्या बंदरातून सुटायचे हे पाणी ठरवते. कधी बिडफर्ड, तर कधी इल्फ्राकूम. धक्क्यावर हातात यादी घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी माझे नाव विचारले, यादीवर खूण केली आणि माझ्या सामानाला मी ज्या घरात उतरणार होतो त्या घराच्या नावाची चिठ्ठी बांधली. माझ्या पेटीला ‘ओल्ड लाइट’ असे लेबल लटकले. शेजारच्या पेटीवर कोणत्या घराचे नाव आहे, तिची मालकीण एकटी आहे की सोबत कोणी आहे, आणि परतीच्या यादीत तिचे नाव कोणत्या दिवशी येईल, एवढे सगळे त्या चिठ्ठ्यांवरून धक्क्यावरच्या कोणाही रिकामटेकड्या माणसाला कळण्यासारखे होते. आणि असा एक रिकामटेकडा माणूस तिथे हजरच होता.

टॉरिज नदीच्या पात्रात असेपर्यंत जहाज शहाण्यासारखे वागले. अ‍ॅपलडोर गाव मागे पडून मुखावरचा वाळूचा बांध ओलांडला मात्र, आणि अटलांटिकने आपला हक्क बजावायला सुरुवात केली. सहप्रवाशांपैकी जे मघापर्यंत दुर्बिणी लावून समुद्रपक्ष्यांची नावे मोठमोठ्याने सांगत होते ते एकेक करून आत गेले. आलेपाकाने आपले काम चोख केले. दोन तासांच्या आत पुढच्या बाजूला एक काळसर सपाट फळी पाण्यावर उचलल्यासारखी दिसू लागली; जवळ गेल्यावर कळले की, शंभर-सव्वाशे मीटर उंचीचे कडे चारी बाजूंनी उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर मैदान आहे. उतरण्याजोगी जागा एकच, आग्नेय टोकाशी. तिथून माथ्यावर जाणारी वाटही एकच, कड्याच्या कुशीतून वळणे घेत चढणारी. चढता चढता मी थांबत होतो ते दम खाण्यासाठी, पण प्रत्येक वळणावर धक्का, जहाज, आणि माझ्या पुढे-मागे चालणारे सगळे इसम एका नजरेत येत होते. कूमलाही असेच एक बंदर आहे, आणि त्याच्यावर नजर राहील अशीच घरांची मांडणी बाईंनी केलेली आहे.

लंडीचे जुने दीपगृह बेटाच्या सर्वांत उंच टेकडीवर, पाचव्या-सहाव्या शतकातल्या ख्रिस्ती थडग्यांच्या शिळांशेजारी उभे आहे. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना या बेटावर दिवा हवा होता. ट्रिनिटी हाउस या दीपगृहांच्या जुन्या संस्थेने १८१९ साली तो उभारला. त्याचा वास्तुशिल्पी डॅनियल अलेक्झांडर. डार्टमूरचा प्रसिद्ध तुरुंगही याच गृहस्थाच्या आराखड्यावरून बांधलेला. भिंतींना हात लावून पाहिल्यावर हे सांगावे लागत नाही: इतका घट्ट बसवलेला ग्रॅनाइट, की दोन दगडांच्या सांध्यात नख शिरत नाही. मनोऱ्याला लागून रखवालदारांची घरे आहेत, आणि त्यांतल्या एका बिऱ्हाडात माझा मुक्काम होता. आत दूरचित्रवाणी नाही, दूरध्वनी नाही. शेगडी, पलंग, पुस्तकांचे कपाट आणि मेजावर एक जाडजूड वही. पूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्यांनी या वहीत आपल्या मुक्कामाची हकीकत लिहून ठेवलेली असते: वारा कसा होता, शेगडी कशी पेटवावी, सील कोणत्या खडकावर दिसला. काहींनी चित्रेही काढली आहेत. दीपगृहाच्या घरात रोजनिशीची ही चाल जुनीच. नोंदणारे तेवढे बदलले.

वळणाच्या दगडी जिन्याने मी माथ्यावर गेलो. भिंगे आणि यंत्रे कधीच काढून नेलेली; त्यांच्या जागी, काचेच्या त्या गोल खोलीत, समुद्रकिनाऱ्यावर असतात तशा कापडी आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. मी एका खुर्चीत बसून कादंबरी उघडली खरी, पण वाचन पुढे सरकेना, कारण कठडा समोरच होता. नेथन ऑलिव्हर याला इथे कोणी आणला असता, दोर कोठे बांधला असता, खालून कोणाला दिसले असते, याची उलटतपासणी मनातल्या मनात चालू झाली. उत्तर असे निघाले की, निरभ्र दिवशी निम्म्या बेटाला दिसले असते आणि धुक्याच्या दिवशी कोणालाही नाही.

आणि धुके हीच या दीपगृहाची जन्मपत्रिका आहे. मनोरा तीस मीटरांच्या आसपास, पण टेकडीच मुळात एवढी उंच की दिवा समुद्रसपाटीपासून भलताच वर गेला होता. उंची जितकी जास्त तितका उजेड लांब जाईल, हा हिशेब कागदावर बिनचूक होता. प्रत्यक्षात बेटाच्या माथ्यावर धुके बसे आणि खाली समुद्र स्वच्छ असे. खलाशी स्वच्छ हवेतून मान वर करून पाहत आणि त्यांना ढग दिसे. दुसरी खोड याहून वाईट. मनोऱ्यावर दोन दिवे होते, वरचा झपझप उघडझाप करणारा आणि खालचा स्थिर. दोन निरनिराळ्या दिव्यांवरून जहाजांनी बेट ओळखावे अशी योजना होती. परंतु दूर अंतरावरून ते दोन्ही मिसळून एकच स्थिर दिवा दिसू लागे. १८२८ च्या नोव्हेंबरात मार्टिनिकहून फ्रान्सकडे चाललेल्या ‘ला झन एमा’ या जहाजाने तो स्थिर दिवा पाहिला, तो फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या उशांत बेटाचा असल्याचे मानले, आणि त्या भरवशावर लंडीच्या खडकांवर येऊन ते फुटले. एकोणीस माणसांपैकी तेरा बुडाली. खोट्या साक्षीने माणसे फासावर गेल्याची उदाहरणे आपण न्यायालयांच्या इतिहासात वाचतो; इथे साक्षीदार दगडाचा होता आणि तो प्रामाणिकपणे खोटे बोलला. पुढे धुक्यात जहाजांना सावध करण्यासाठी पश्चिमेच्या कड्यावर, निम्म्या उतारावर, तोफांची चौकी बांधण्यात आली, आणि रखवालदारांनी धुके असेपर्यंत ठरावीक मिनिटांनी बार काढत राहावे असा हुकूम झाला. त्या चौकीचे पडके अवशेष आणि दोन तोफा अजून तिथे आहेत. दिवसरात्र त्या आवाजाशेजारी रखवालदारांच्या बायकामुलांनी संसार केला, हे पाहून आल्यापासून दीपगृहाच्या एकांताबद्दलची काव्ये मला पचत नाहीत. अखेर १८९७ साली बेटाच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना, खालच्या अंगाला, दोन नवी दीपगृहे झाली आणि हा उंच मनोरा सेवानिवृत्त झाला.

दीपगृहावर माणसे किती ठेवावीत हा प्रश्नही मुळात साक्षीचाच आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. लंडीहून वायव्येला, वेल्सच्या किनाऱ्यापलीकडे, स्मॉल्स नावाचे खडक आहेत. तिथे लाकडी खांबांवर उभारलेल्या दीपगृहात १८०१ च्या सुमारास हॉवेल आणि ग्रिफिथ असे दोन रखवालदार होते. दोघांचे आपसांत पटत नाही हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक होते. ग्रिफिथ अकस्मात मरण पावला. समुद्र खवळलेला, बदलीची होडी येण्याची आशा नाही. प्रेत समुद्रात सोडले तर खुनाचा आळ येणार, हे ओळखून हॉवेलने फळ्या ठोकून पेटी केली, तीत प्रेत घातले आणि पेटी बाहेर दिव्याच्या कठड्याला बांधून ठेवली. वादळाने पेटी फोडली आणि मृताचा हात वाऱ्याने हलून खुणावल्यासारखा दिसत राहिला, असेही सांगतात. कित्येक आठवडे हॉवेलने त्या सोबतीत दिवा एकट्याने चालू ठेवला; सुटका झाली तेव्हा ओळखीच्या माणसांनाही तो ओळखू आला नाही. त्यानंतर दीपगृहांवर दोनाऐवजी तीन रखवालदार ठेवण्याचा प्रघात पडला. हॉवेल निरपराध होता. परंतु निरपराध असणे निराळे आणि ते शाबीत करता येणे निराळे, ही जाणीव त्या बिचाऱ्याला कोणत्याही वकिलाच्या आधी झाली, आणि त्याने पुरावा जपला. दीपगृहाच्या कठड्याला टांगलेल्या प्रेताचे चित्र जेम्सबाईंनी याच हकीकतीवरून घेतले असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की, ते चित्र त्या समुद्रात त्यांच्या आधी दोनशे वर्षे तरंगत होते.

तिसरा माणूस असूनही निभाव लागला नाही, असे एक प्रकरण आहे आणि रहस्यलेखकांनी त्याचा जितका उपसा केला तितका दुसऱ्या कोणत्याच प्रकरणाचा केला नसेल. स्कॉटलंडच्या बाह्य हेब्रिडीजच्या पश्चिमेला फ्लॅनन बेटे आहेत. १९०० सालच्या डिसेंबरात तिथल्या दीपगृहातून ड्यूकॅट, मार्शल आणि मॅकआर्थर असे तिन्ही रखवालदार नाहीसे झाले. २६ तारखेला ‘हेस्पेरस’ हे बदलीचे जहाज पोहोचले तेव्हा धक्क्यावर कोणी आले नाही, निशाणही चढले नाही. आत भांडी घासून ठेवलेली, दिवा साफ करून, तेल भरून तयार. रोजनिशीत १३ तारखेपर्यंतच्या नोंदी, आणि त्यापुढच्या, १५ तारखेच्या सकाळी नऊपर्यंतच्या, पाटीवर खडूने लिहिलेल्या. तपासणीला गेलेल्या म्यूरहेड या अधीक्षकाने पश्चिमेच्या धक्क्यावरची मोडतोड पाहिली, एका रखवालदाराचा पावसाळी अंगरखा खुंटीवरच राहिलेला पाहिला, आणि तिघे एका प्रचंड लाटेने ओढून नेले असावेत असा अहवाल दिला. एवढा साधा, कोरडा आणि दुःखद कागद कोणाला रुचणार? १९१२ साली विल्फ्रिड गिब्सन या कवीने आपल्या कवितेत वाढून न शिवता टाकलेले जेवण आणि उलथलेली खुर्ची आणून ठेवली. पुढे कोणी तरी रखवालदार रडत होते, प्रार्थना करत होते अशा बनावट नोंदी रोजनिशीच्या नावावर छापल्या. आणि आज शंभरांतले नव्याण्णव लोक ती खुर्ची आणि त्या नोंदीच खऱ्या मानतात. मला मात्र या साऱ्या प्रकरणात सर्वांत चटका लावतात ते पाटीवरचे आकडे. वाऱ्याची दिशा, तापमान, वायुभार; वेळ मिळाला की वहीत उतरवून घ्यायचे म्हणून लिहिलेले.

लंडीच्या स्वतःच्या गुन्हेगारीकडे वळलो म्हणजे कल्पित खुनाची लाज वाटावी इतके अस्सल साहित्य हाती लागते. अठराव्या शतकात टॉमस बेन्सन हा बार्नस्टेपलचा पार्लमेंटातला प्रतिनिधी या बेटाचा भाडेपट्टेदार होता. गुन्हेगारांना जहाजाने अमेरिकेतल्या वसाहतींत पोचवण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. त्याने ते कैदी लंडीवर उतरवले आणि त्यांना भिंती बांधायच्या कामाला जुंपले. जाब विचारला गेला तेव्हा, इंग्लंडच्या बाहेर नेले म्हणजे झाले, ते कोठे नेले याला महत्त्व नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. १७५२ साली त्याने ‘नाइटिंगेल’ नावाच्या आपल्या जहाजावर माल भरला, विमा उतरवला, माल रातोरात लंडीवर काढून घेतला, आणि जहाज खुल्या समुद्रात नेऊन भोक पाडून पेटवून द्यायला लावले. कप्तान लँसी आणि खलाशी सुखरूप परतले. विम्याचा दावा दाखल झाला. कागदपत्रांत कोठे खोट नव्हती. मग त्याच जहाजावरच्या एका खलाशाचे तोंड दारूच्या अंमलात सुटले. १७५४ साली लंडनला लँसी फासावर गेला. बेन्सन त्याआधीच पोर्तुगालला पसार झाला होता. किल्ल्याखालची, त्याचा चोरटा माल ठेवला जाई अशी गुहा मी आत जाऊन पाहिली. भिंतींवर लोकांनी कोरलेली आद्याक्षरे आहेत आणि ओलीचा वास आहे. खलनायक निसटतो आणि हुकमाचा ताबेदार लटकतो, असा शेवट जेम्सबाईंनी केला असता तर टीकाकारांनी त्यांना सोडले नसते.

बेटाच्या मालकांना इंग्लंडचा कायदा आपल्याला लागू नाही असे वाटण्याचा रोग जुनाच आहे. १९२५ साली हे बेट विकत घेणाऱ्या मार्टिन हार्मन यांनी १९२९ मध्ये आपल्या मुखवट्याची नाणी पाडली, मागल्या बाजूला पफिन पक्षी, आणि किमतीचे नावही पफिनच. १९३१ साली सरकारने त्यांच्यावर खटला करून पाच पौंड दंड ठोठावला. या हौशी राजाचा मुलगा जॉन हार्मन दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे आला आणि १९४४ च्या एप्रिलात कोहिमाच्या लढाईत पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बेटाच्या पूर्वेकडील दगडाच्या एका जुन्या खाणीत त्याचे स्मारक आहे. अटलांटिकमधल्या त्या खाणीत नागा टेकड्यांवरच्या गावाचे नाव वाचताना मी जरा जास्त वेळ उभा राहिलो. कठड्याबिठड्याचा विचार त्या वेळी मनात नव्हता.

आपल्याकडे असे बेट नाही असे थोडेच आहे! मुंबईच्या तोंडावर खांदेरी आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधलेला तिथला किल्ला आहे, १८६७ पासूनचे दीपगृह आहे, कोळ्यांचा वेताळ आहे, आणि पावसाळ्यात होडी लागणे मुश्कील होईल असा समुद्रही आहे. डॅलग्लीशला नाही तरी धनंजयाला तिथे पाचारण करायला काय हरकत होती, असे राहून राहून वाटते.

मध्यरात्री बेटावरचे जनित्र बंद होते आणि घराघरांतले दिवे जातात. मी विजेरीच्या उजेडात कादंबरीचा उत्तरार्ध वाचला. खुनी कोण ते सांगण्याचा अविचार मी करणार नाही. बाईंच्या लेखनातला एक दोष मात्र त्या ग्रॅनाइटच्या खोलीत मला फार जाणवला: प्रत्येक नव्या खोलीत शिरताना त्या जप्तीची यादी करणाऱ्या कारकुनाइतक्या सावकाशीने खुर्च्या, चित्रे आणि पुस्तके मोजत बसतात, आणि डॅलग्लीश तोवर दारात तिष्ठत राहतो. पण या दोषाचे मूळ त्यांच्या सामर्थ्यातच आहे. या बाईंनी कित्येक वर्षे रुग्णालयांच्या दप्तरात काढली आणि १९६८ ते १९७९ या काळात त्या इंग्लंडच्या गृहखात्यात अधिकारी होत्या. माणसांचे संबंध कागदात कसे उमटतात, किल्ली कोणाच्या ताब्यात होती हा प्रश्न कोण कोणावर प्रेम करीत होता याइतकाच गहन कसा असतो, हे त्यांना नोकरीने शिकवले होते. म्हणूनच त्यांच्या बेटावर जबान्यांना महत्त्व आहे, आणि म्हणूनच कथेच्या मध्यावर सार्सची लागण आणून त्यांनी बेटाला दुसऱ्यांदा कुलूप घातले, ते वैद्यकीय हुकमाचे. आधी धुक्याने अडवलेले बेट मग विलगीकरणाने अडवले जाते, डॅलग्लीश स्वतःच आजारी पडतो, आणि तपासाची सूत्रे केट आणि बेंटन-स्मिथ यांच्याकडे जातात. कादंबरी आली तेव्हा काही वाचकांना ही जुळवाजुळव वाटली असेल. करोनाच्या काळात दारावर चिठ्ठ्या चिकटलेल्या पाहिलेल्या माणसाला ती तशी वाटण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र बाईंनी हेतुपुरस्सर टाळली, आणि ती टाळली नसती तर कादंबरी पन्नास पानांत आटोपली असती: कूमवर गुत्ता नाही. लंडीवर तो आहे, आणि बेटाचे खरे न्यायासन तेच. ‘मॅरिस्को’ हे त्याचे नाव, तेराव्या शतकात राजद्रोहासाठी हालहाल करून मारलेल्या इथल्या एका मालकाच्या घराण्यावरून ठेवलेले. भिंतींवर फुटलेल्या जहाजांची कंकणाकृती जीवरक्षक कडी टांगलेली आहेत. दिवसा कड्यांवर विखुरलेले सगळे पाहुणे, शेतावरची माणसे आणि रखवालदार संध्याकाळी इथे येतात. कोण दुपारी उत्तरेकडे गेला, कोणाचा पाय मुरगळला, कोणाच्या घरात भांडण झाले हे सूप येण्याच्या आत सर्वांना माहीत होते. माझ्यासमोर बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी, मी ‘ओल्ड लाइट’मध्ये उतरलेला भारतीय आणि सकाळी तोफांच्या चौकीवर गेलो होतो, हे मी सांगण्याआधीच मला सांगितले. बेन्सनच्या खलाशाला बार्नस्टेपलपर्यंत जावे लागले. इथे त्याने एक पेला घेतला असता तरी पुरले असते.

गुत्त्यात बेटावर दिसलेल्या प्राण्यापक्ष्यांची नोंदवही ठेवलेली असते. ज्याला जे दिसेल ते त्याने तारीख, वेळ आणि ठिकाण घालून लिहायचे. २००२ ते २००४ या काळात बेटावरचे उंदीर नष्ट करण्यात आले, त्यानंतर पफिन पुन्हा वाढले, तेही असल्याच चिकाटीच्या मोजणीतून सिद्ध झाले. मी पाने चाळली. आदल्या दिवशीच्या पानावर कोणी तरी एका दुर्मिळ शिकारी पक्ष्याचे नाव ठसठशीत अक्षरांत लिहून त्याखाली वेळ, दिशा आणि अंतर दिले होते, आणि त्याच्या शेजारी, निराळ्या शाईने व अतिशय सभ्य हस्ताक्षरात, आणखी कोणी पाहिला काय, अशी पृच्छा केलेली होती. मी विचारले, तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले की, पृच्छा त्यांचीच. आणि पक्षी पाहणारी व्यक्ती म्हणजे पलीकडच्या मेजावरची त्यांची पत्नी.